जंत कोणाकडून आले, हे शोधणं आधी थांबवा

पत्राचा सारांश

नागपूरच्या एका आईचं पत्र आहे. मुलगी आठ वर्षांची, एका अनुदानित शाळेत तिसरीत. महिना-दीड महिन्यापासून ती रात्री झोपेत तळमळते, मागच्या जागी खाजवते. एका रात्री आईनं मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर सुतासारखे पांढरे, बारीक, वळवळणारे जंत. दुकानातून गोळी आणून दिली. बरं वाटलं, पण तीन आठवड्यांत खाज परत सुरू. सासूबाई म्हणतात, "पोरगी गोडच गोड खाते न, म्हून झाले जंत." वावडिंग सुरू आहे, आता एरंडेलाचाही आग्रह आहे.

आईचा संशय मात्र मुलीच्या मैत्रिणीवर आहे. ती नाल्याकाठच्या वस्तीत राहते, तिची आई घरकाम करते. दोघी एका बाकावर बसतात, एकमेकींच्या डब्यातलं खातात. "आमचं घर स्वच्छ, पाणी आरओचं, बाहेरचं खाणं नाही. मग हे दुसरीकडून कुठून येणार?" असं आई लिहिते. तिनं मुलीला त्या मैत्रिणीसोबत डबा खायला मनाई केली आहे. तेव्हापासून डबा अर्धा भरलेला परत येतो. परवा मुलीनं विचारलं, "आई, मी घाण आहे का?" फेब्रुवारीत शाळेत जंताची मोफत गोळी दिली, तेव्हा व्हॉट्सअॅपवरचा एक व्हिडिओ पाहून आईनं डायरीत "देऊ नये" असं लिहून पाठवलं होतं. नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही. तिचा प्रश्न: वर्गशिक्षिकेशी बोलून मुलीची जागा बदलून घेऊ का, आणि कारण काय सांगू?

उत्तर

ताई,

जागा बदलू नका. कारण काय सांगायचं हा प्रश्नच मग उरत नाही.

एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, व्हायलाही नको. म्हणून आधी तुम्ही त्या रात्री जे पाहिलंत, त्याकडेच पुन्हा जाऊ. झोपलेल्या लेकीला न उठवता, उजेड धरून बघण्याचं तुम्हाला सुचलं हे फार चांगलं झालं. कारण हा जंत असाच दिसतो, रात्रीच. शौचाच्या साध्या तपासणीत तो बहुतेक वेळा सापडत नाही. हा सुतासारखा बारीक जंत, जेमतेम एक सेंटीमीटरचा. मूल गाढ झोपलं की त्याची मादी आतड्यातून बाहेर येते आणि गुदद्वाराच्या कडेला अंडी घालते. एकेक मादी दहा हजारांच्या आसपास. त्यानेच खाज सुटते. मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांखाली जातात आणि अवघ्या काही तासांत लागण करण्याजोगी होतात. सकाळी तीच बोटं तोंडात जातात. म्हणजे जंत ज्या मुलातून बाहेर आला, त्याच मुलात परत शिरला. बाकीची अंडी चादरीवर, चड्डीवर, टॉवेलवर, दाराच्या कडीवर पडून राहतात, दोन-तीन आठवडे जगतात.

आता तुमच्या "तीन आठवड्यांनी परत" या वाक्याकडे बघा. गोळी जंत मारते, अंडी मारत नाही. म्हणून या जंतासाठी डॉक्टर दोन आठवड्यांनी दुसरा डोस देतात, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध देतात, ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनाही. मोठ्या माणसांत हा जंत असूनही कित्येकदा खाजसुद्धा नसते. तुम्ही गोळी एकदाच दिली, आणि एकटीलाच दिली. मग परत आलेला जंत मैत्रिणीच्या डब्यातून आला असेल की तुमच्याच घरच्या गादीवरून? मला तरी गादीवरूनच वाटतं.

याचा अर्थ तुमचं घर अस्वच्छ आहे असा मुळीच नाही. तुमच्या पत्रात "आमचं घर स्वच्छ" हे तीनदा आलं आहे. ते वाचताना मला जाणवलं की जंतांपेक्षा जास्त टोचतंय ते हे: लोक काय म्हणतील, मी आई म्हणून कुठे कमी पडले. ताई, अमेरिकेतसुद्धा जंतांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो हाच सुतासारखा जंत. ज्या वयात मुलं एकमेकांना चिकटून बसतात, एक पेन्सिल चौघांत फिरवतात आणि ती चावतात, त्या वयाचा हा आजार आहे. आरओचं पाणी चांगलंच, पण या जंताला पाण्याची वाट लागतच नाही. त्याची वाट हातावरून जाते.

आता त्या मैत्रिणीविषयी.

तुम्ही गृहीत धरलंय की जंत तिच्याकडून तुमच्या मुलीकडे आले. उलटं झालं असेल तर? दीड महिना तुमच्या मुलीला जंत आहेत आणि ती रोज त्या मुलीच्या डब्यात हात घालते आहे. फेब्रुवारीत वर्गातल्या मुलांना गोळी मिळाली. त्या मुलीच्या आईनं डायरीत नकार लिहून पाठवला नसेल, तर तिला ती मिळालीच असेल. न घेणारी तुमची मुलगी होती. हे मी तुम्हाला दोषी ठरवायला लिहीत नाही. कोणी कोणाला दिले हे कुठल्याही डॉक्टरला सांगता येणार नाही आणि शोधून काही हाती लागणारही नाही. पण आपला संशय किती सहज नाल्याच्या दिशेनं गेला, हे एकदा शांतपणे बघा. घरकाम करणारी बाई आपल्या घरची भांडी घासते तेव्हा तिचे हात आपल्याला चालतात. तिच्या मुलीचे हात आपल्या मुलीच्या डब्यात आले की का चालत नाहीत?

नाल्याकाठच्या वस्तीत जंतांचा धोका जास्त असतो, हे खरं आहे. पण तो दुसऱ्या जंतांचा. मातीतून पसरणारे तीन मुख्य जंत आहेत: गांडुळासारखा दिसणारा मोठा गोल जंत, चाबकासारखा जंत, आणि अंकुशकृमी. जिथे शौचालयाची सोय नीट नाही, मैला उघड्यावर किंवा नाल्यात जातो, पावसात ते पाणी घरासमोर येतं, तिथे मुलांना हे जास्त होतात. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी घालते, आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात. अंकुशकृमीची तर अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते, आणि मूल हळूहळू पांढरंफटक पडतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गोल जंताचं अंडं शरीराबाहेर पडल्यावर मातीत दोन ते चार आठवडे राहिल्याशिवाय कोणाला लागण करूच शकत नाही. म्हणजे शेजारी बसल्यानं किंवा एका डब्यात जेवल्यानं ते एका मुलातून दुसऱ्यात थेट जात नाहीत. त्या वस्तीतल्या मुलीच्या वाट्याला हे जंत जास्त येत असतील, तर ते तिचं दुखणं आहे, तिचा गुन्हा नाही.

मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता, सतत चुळबुळ करायचा, बाकावर बूड टेकायचा नाही. मी त्याला पुष्कळ रागावले. एकदा वर्गासमोर उभं केलं आणि सगळे हसले. पुढे त्याच्या आजीनं सांगितलं, त्याला जंतांची खाज होती, रात्र रात्र झोप नव्हती. तो चेहरा माझ्या मनातून अजून जात नाही. त्यामुळे तुमच्या मुलीनं विचारलेला प्रश्न वाचून मी थांबले. "मी घाण आहे का?" हा प्रश्न तिला जंतांमुळे पडलेला नाही. आई मैत्रिणीला घाण समजते, आणि मैत्रिणीला जे झालंय असं आई म्हणते तेच मला झालंय, असा सरळ हिशेब तिनं केला आहे.

तिला उत्तर द्या, आजच. लांबलचक नको. "नाही गं. सर्दी होते तसे जंत होतात. औषध घेतलं, नखं कापली, हात धुतले की जातात. तुझ्या मैत्रिणीशी डबा खाऊ नको म्हटलं, ते माझं चुकलं." शेवटचं वाक्य जड जाईल, पण ते गाळू नका. मुलांना आईबापानं चूक मान्य केलेली फार क्वचित ऐकायला मिळते. जमलं तर त्या मैत्रिणीच्या आईलाही सांगा: आमच्या मुलीला झालेत, तुमच्या मुलीला रात्री खाज येते का बघा, डॉक्टरला विचारा. शेजारीण शेजारणीला सांगते तसं. उपकाराचा सूर नको, संशयाचाही नको.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. गोड खाल्ल्यानं जंत होत नाहीत. अंडं पोटात गेल्याशिवाय जंत होणं शक्यच नाही. झोपेत दात खाणं, चेहऱ्यावर पांढुरके डाग पडणं, ही लक्षणंही पिढ्यान्‌पिढ्या जंतांच्या खात्यावर लिहिली गेली आहेत, पण त्यावरून जंत आहेत असं ठरवता येत नाही. एरंडेल तेवढं टाळा. पूर्वी जंताचं औषध दिलं की जुलाब देऊन पोट साफ करायची पद्धत होती. आताच्या गोळीला त्याची गरज नाही, उपाशी ठेवायचीही नाही. आधीच नीट न जेवणाऱ्या मुलीला जुलाब झाले तर ती आणखी गळून जाईल. वावडिंगावर भांडण नको, फक्त ते गोळीच्या जागी नको. आणि या सगळ्यात सासूबाईंना एक काम सोपवा: दर रविवारी नातीची नखं कापणं. आजीच्या मांडीवर बसून कापलेली नखं आईनं धावपळीत कापलेल्या नखांपेक्षा नीट निघतात. शिवाय जिच्या हाती काम असतं, ती औषधालाही आडवी येत नाही.

शाळेतल्या गोळीबद्दल. ही अल्बेंडाझोलची गोळी, चारशे मिलिग्रॅमची. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत ती मोफत देतात, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. तारीख राज्यागणिक मागेपुढे होते. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी आणि तीही चुरून पाण्यातून, मोठ्या मुलांनी चावून खायची. तपासणी न करता सगळ्यांना का देतात, असं तुम्ही विचारलंय. कारण प्रत्येक मुलाची तपासणी करण्यापेक्षा गोळी देणं कितीतरी सोपं आणि स्वस्त आहे, जंत नसलेल्या मुलालाही ती एक गोळी सहसा बाधत नाही, आणि बऱ्याच मुलांना जंत असूनही बाहेरून काही दिसत नाही. गोळीनंतर काही मुलांना मळमळतं, पोटात दुखतं, चक्कर येते. हे बहुतेक वेळा जास्त जंत असलेल्या मुलांत होतं आणि थोड्या वेळात थांबतं. शे-दोनशे मुलांना एकाच दिवशी गोळी दिली की त्यात एखाद्याला उलटी होणारच. मग कोणीतरी मोबाइल काढतो, आणि तो व्हिडिओ नागपूरभर फिरतो. ठणठणीत घरी गेलेल्या बाकीच्यांचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

मात्र त्या दिवशी मूल आजारी असेल, ताप असेल, तर गोळी घेऊ नये. राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. मुलाला फिट येत असतील तर शाळेला आधी सांगा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तुमची मुलगी त्यात बसत नाही. पुढच्या वेळी डायरीत नकार लिहू नका. आत्ता घरी औषध दिलं असेल, तर ते कधी दिलं तेवढं बाईंना कळवा.

पण मी शिक्षिका होते म्हणूनच सांगते, गोळी हे निम्मंच काम आहे. पोटातले जंत जातात, बाहेरची अंडी राहतात. मुलीला एक प्रश्न विचारा: शाळेत तू शौचाला जातेस का? कितीतरी मुली जात नाहीत. वास येतो, कडी लागत नाही, पाणी नसतं. म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, नागपूरच्या एप्रिलमध्येसुद्धा. आणि जी जाते तिला बाहेर आल्यावर साबण मिळतो का? नळ असतो, साबण नसतो. खिचडीच्या रांगेत मुलं तशीच उभी राहतात.

तुम्हाला वर्गशिक्षिकेकडे जायचंच होतं ना? जा. जागा बदलायला नको, साबण मागायला जा. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तिच्या बैठकीत हा विषय ठेवायला सांगा. एकट्या पालकानं तक्रार केली की ती "त्या बाई फार बोलतात" म्हणून विसरली जाते, चार आया मिळून गेल्या की नोंद होते. तोवर फार खर्चाची गरज नाही. आपल्याकडे संत्री ज्या जाळीच्या पिशवीत मिळतात ना, त्यात साबणाची वडी घालून ती नळाला बांधायची. वडी नाल्यात पडत नाही, कोणी खिशात घालत नाही, आणि जाळीमुळे फेसही चांगला येतो. वर्गात आळीपाळीनं एकेका पालकानं महिन्याची वडी द्यायची. सॅनिटायझरच्या बाटलीवर विसंबू नका. जंतांची अंडी त्यानं मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणीच ती हातावरून काढून टाकतं, आणि नखांच्या खाली चोळलं तरच.

आता घरी. डॉक्टरांना दाखवा, खासगीत जमत नसेल तर महापालिकेचा दवाखाना आहे, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांची बाह्यरुग्ण सेवा आहे. घरातल्या सगळ्यांचं औषध त्यांच्याकडून लिहून घ्या. घरात कोणी गरोदर असेल किंवा वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ते आधी सांगा. औषधाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या चादरी, अभ्रे, चड्ड्या, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. एक काळजी घ्या: चादर उचलताना झटकू नका, अंडी उडून खोलीभर होतात. अलगद गुंडाळून बादलीत. पुढचे पंधरा दिवस मुलीनं रात्री घट्ट चड्डी घालून झोपायचं, उठल्याबरोबर आधी हात, मग तोंड धुवायचं आणि अंघोळ सकाळीच करायची. रात्रभरात पडलेली अंडी त्या अंघोळीत जातात. शक्य असेल तर या दिवसांत तिची उशी-चादर वेगळी ठेवा, पण तिला वेगळी ठेवू नका. ती आजीजवळ झोपत असेल तर झोपू दे.

स्वयंपाकघराचंही एक. आपण पोह्यांवर, तर्रीवर, भाजीवर मूठभर कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकतो. तो कुठल्या पाण्यावर वाढला ते जुडीकडे बघून कळत नाही. मुळे कापा, काड्या सुट्या करा, दोन-तीन पाण्यांतून धुवा, शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पालक, मुळा, काकडी तशीच. सुतासारख्या जंताशी याचा संबंध नाही, मघाशी सांगितलेल्या मातीतल्या जंतांशी आहे. आणि शाळा जूनअखेर सुरू झाली की पाऊस असतो, मुलं मोजे ओले होतात म्हणून बूट काढून अंगणात धावतात. साधी स्लिपर असली तरी चालेल, पण पायात काहीतरी असू द्या.

मुलगी फिकी दिसत असेल, लवकर थकत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. लघवीला जळजळ किंवा पुढच्या जागीही खाज असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मुलींमध्ये हा जंत तिकडेही जातो, आणि मुली ते लाजून बोलत नाहीत. पोटात जोरात कळा येऊन उलट्या होत असतील, शौचातून रक्त जात असेल, तर वाट न बघता दवाखान्यात न्या. औषध झाल्यावरही खाज राहिली तर सकाळी उठल्याबरोबर, शौच किंवा अंघोळीआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून ती काचपट्टीवर लावायची आणि तपासायला द्यायची. कशी ते डॉक्टर दाखवतील.

राहिले तुमचे यजमान. त्यांना औषध घ्यावंच लागणार आहे, म्हणजे सांगावंच लागणार आहे. तुमच्या लेकीनं जेवढं साधेपणानं विचारलं, तेवढ्याच साधेपणानं सांगा. दोन आठवड्यांनंतरच्या डोसची तारीख आजच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा, आणि समोर घरातल्या प्रत्येकाचं नाव. त्यांचं पहिलं.

तुमची,
सल्लागार ताई

*(पत्रलेखिकेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)*